सीडी खरी असूनही संगणक मानेना : एका जुन्या खेळाच्या इन्स्टॉलेशनचे तीन आठवडे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घराचा पोटमाळा आवरत असताना प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा खोका माझ्या हाती लागला. मोटारींच्या शर्यतीचा तो खेळ मी आणि माझ्या धाकट्या भावाने २००४ च्या मे महिन्यात ६९९ रुपयांना विकत घेतला होता. त्यांतले चारशे रुपये माझ्या शिकवण्यांच्या कमाईतले आणि उरलेले त्याच्या खाऊच्या पैशांतले होते. त्या काळी हाच खेळ कोऱ्या सीडीवर उतरवून साठ रुपयांना सहज मिळत असे, त्यामुळे भावाच्या मित्रांनी आमची यथेच्छ चेष्टा केली होती. परंतु चोरीची वस्तू घरात येणार नाही हा वडिलांचा नियम पाठ्यपुस्तकांपासून सीडीपर्यंत सर्वांना सारखाच लागू होता.

ज्या संगणकावर आम्ही तो खेळलो, तो २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात गेला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली तेव्हा आमचा तळमजला पाण्याखाली होता, आणि पुढे पंचनाम्याच्या यादीत ‘संगणक संच, एक’ एवढीच त्याची नोंद उरली. खोका वर असल्यामुळे भिजला नाही. मात्र कित्येक दिवस कोंडून राहिलेल्या दमट हवेने त्यातील माहितीपुस्तिका फुगली होती आणि तिला एक ओळखीचा, पूर ओसरल्यानंतरच्या घराचा वास येत होता.

भाऊ हैदराबादला असतो आणि भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, घरी येणार होता. तोपर्यंत हा खेळ सुरू करून ठेवावा असे माझ्या मनात आले. वीस दिवस हाताशी होते आणि काम एका संध्याकाळचे आहे अशी माझी समजूत होती. मी संगणक क्षेत्रातली नाही. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. ही हकिगत तारखांसह लिहून ठेवण्याचे कारण इतकेच की, ज्यांच्या माळ्यावर असा एखादा खोका पडलेला असेल त्यांना माझ्याइतके हेलपाटे पडू नयेत.

पहिली अडचण अगदीच साधी होती. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह १,३५० रुपयांना मागवला आणि तो १७ ऑक्टोबरला, गुरुवारी, हातात पडला. असा ड्राइव्ह यूएसबी हबमध्ये न घालता थेट लॅपटॉपमध्ये घालावा, कारण चकती गरगर फिरवायला त्याला बऱ्यापैकी वीज लागते आणि ती कमी पडली तर ड्राइव्ह मधूनच बंद पडतो. पहिली अर्धी संध्याकाळ माझी यातच गेली.

खोक्यात दोन सीडी होत्या. पहिली घातल्यावर सेटअप उघडला आणि त्याने सीडी-की मागितली. वीस अक्षरांची ही की पुस्तिकेच्या मागच्या पानावरील चिकटपट्टीवर छापलेली होती, आणि दमट हवेने तिसऱ्या गटातील शेवटचे अक्षर पसरून गेले होते. ते इंग्रजी ‘बी’ आहे की आठचा आकडा, हे भिंगाखालीही कळेना. शिवाय दुसऱ्या गटातला वाटोळा आकार शून्य आहे की ‘ओ’, याचीही खात्री नव्हती. दोन शंकांचे चार पर्याय होतात, म्हणून ते कागदावर मांडून एकेक करून पाहिले आणि तिसऱ्या पर्यायाला सेटअप पुढे सरकला. आपल्याकडे अशा सीडी असतील तर आजच त्या कीचे छायाचित्र काढून ठेवावे; खेळाची चकती पन्नास वेळा पुसता येते, पण पुसलेली अक्षरे परत आणता येत नाहीत.

दुसरी सीडी घातल्यावर सेटअप सुमारे तीन चतुर्थांश भाग पुढे जाऊन थांबला आणि ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा संदेश आला. त्याचा अर्थ समजून घेतला तो असा : सीडीवरील माहिती छोट्या छोट्या सेक्टरांत साठवलेली असते. प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात, पण त्यांपैकी प्रत्यक्ष माहितीचे २,०४८. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि ती माहिती बरोबर वाचली गेली की नाही हे ताडून पाहण्याची व थोडी चूक दुरुस्त करण्याची सोय असते. वाचलेली माहिती आणि पडताळणीचा आकडा जुळला नाही, तर हा संदेश येतो. म्हणजे डिस्क मळलेली आहे, चरा पडलेला आहे किंवा ड्राइव्हच्या भिंगावर धूळ आहे.

कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून, जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने सीडी पुसली. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत जायचे, गोल गोल फिरवायचे नाही. कारण माहितीचा मार्ग गोलाकार असल्यामुळे त्याच दिशेने पडलेला चरा सलग माहिती खातो, आणि आडवा पडलेला चरा प्रत्येक फेरीत थोडेच नुकसान करतो. आणखी एक गोष्ट मला नव्यानेच कळली. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू खुशाल टेबलावर घासतो, पण सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. खालच्या जाड प्लास्टिकवरचा चरा प्रसंगी घासून काढता येतो. वरच्या बाजूने थर खरवडला गेला की ती माहिती गेलीच. दोनदा पुसून आणि रात्रभर सुकवून १८ तारखेला पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा सेटअप शंभरावर पोहोचला. मला फार बरे वाटले.

डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा क्लिक केले. बाणाशेजारी छोटे वर्तुळ दोन क्षण फिरले आणि नाहीसे झाले. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक चौकट आली, तिच्यात प्रशासकाच्या अधिकाराने लॉगिन करून पुन्हा प्रयत्न करावा, अशा आशयाची इंग्रजी ओळ होती. लॅपटॉप माझा, खाते माझे एकटीचे, आणि प्रशासकही मीच. सातबारा आपल्या नावावर असताना मालकाला घेऊन या म्हणून परत पाठवावे, तशी माझी अवस्था झाली. या एका ओळीने माझे पुढचे चार दिवस खाल्ले, कारण मी तिच्यावर विश्वास ठेवला. राइट क्लिक करून प्रशासक म्हणून चालवणे, विंडोज एक्सपीशी जुळवून घेण्याचा कंपॅटिबिलिटी मोड लावणे, रंगांची संख्या कमी करणे, खेळ काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा बसवणे, असे सगळे प्रकार केले. संदेश ढिम्म हलला नाही.

याच काळात मी एक चूक केली, आणि गंमत अशी की तिच्यामुळेच पुढचा मार्ग सापडला. सीडी वारंवार घालून-काढून खराब होऊ नये म्हणून तिची एक प्रतिमा, म्हणजे संपूर्ण चकतीची एकाच फाइलमधली नक्कल, लॅपटॉपवर काढून ठेवावी असे ठरवले. दुसऱ्या सीडीची नक्कल विनातक्रार झाली. पहिल्या सीडीच्या वेळी मात्र अगदी सुरुवातीच्या भागातच वाचनाच्या शेकडो चुका येऊ लागल्या. आता पहिल्या सीडीवरून तर इन्स्टॉलेशन एकदाही न अडखळता झाले होते! मी ती सीडीही धुतली, पुसली, पुन्हा धुतली. कोणीतरी सांगितले म्हणून दंतमंजनाच्या पेस्टने हलकेच घासली. ते करायला नको होते, कारण पेस्टमध्ये घासण्याचे बारीक कण असतात आणि चकतीवर आता एक धुरकट पट्टा कायमचा आला आहे. इतके करूनही चुकांची संख्या कमी होईना आणि वाढेनाही. कार्यालयातील सवयीने मी प्रत्येक वेळच्या नोंदी वहीत लिहीत होते, म्हणून २१ ऑक्टोबरच्या रात्री ध्यानात आले की चुका येणारे सेक्टर क्रमांकही दर खेपेला तेच आहेत. मळामुळे होणाऱ्या चुका पुसल्यावर बदलतात, कमी-जास्त होतात. या चुका जागच्या जागी होत्या, जणू कोणी मोजून ठेवलेल्या.

त्या खरोखरच मोजून ठेवलेल्या होत्या. सीडी संगणकावर उघडून आतील फाइलींची यादी पाहिली, तर तिच्यात सात शून्ये आणि एक अशा नावाची, टीएमपी शेपटीची एक फाइल आणि ‘सेकडीआरव्ही’ नावाची एक सिस्टिम फाइल होती. या दोन खुणांवरून कळले की सीडीवर ‘सेफडिस्क’ नावाचे कॉपी-संरक्षण आहे. मॅक्रोव्हिजन या कंपनीचे हे उत्पादन मूळचे सी-डिला या कंपनीचे. ती कंपनी १९९९ मध्ये मॅक्रोव्हिजनने विकत घेतली. त्याच काळात सोनीचे ‘सिक्युरॉम’, शिवाय ‘स्टारफोर्स’, ‘लेझरलॉक’ अशी इतरही कुलपे बाजारात होती आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती.

सेफडिस्कची युक्ती ऐकायला मजेदार आहे. कारखान्यात सीडी छापतानाच तिच्यावर जाणूनबुजून सदोष सेक्टर घालत. पुढच्या आवृत्त्यांत त्याबरोबर ‘कमजोर’ सेक्टरही आले. त्यांतील बिटांची रचना अशी असे की घरगुती सीडी रायटरला ती नीट लिहिताच येत नसे. खेळाची मुख्य फाइल कूटबद्ध केलेली असे. खेळ सुरू करताना आधी एक छोटा पहारेकरी प्रोग्राम चालतो, ड्राइव्हमधील चकतीवर त्या ठरावीक खुणा आहेत का ते तपासतो, आणि असल्या तरच मुख्य फाइल उलगडतो. थोडक्यात, चकतीवरचा दोष हाच तिच्या खरेपणाचा पुरावा. मी तो दोष साबणाने धुऊन काढायला निघाले होते.

यावरून आणखी एक उलगडा झाला. आयएसओ प्रकारच्या साध्या नकलेत सेक्टरमधील केवळ २,०४८ बाइटांची माहिती येते, त्यामुळे या खुणा तिच्यात उतरत नाहीत. म्हणून अशी नक्कल विंडोजमध्ये आभासी ड्राइव्ह म्हणून, म्हणजे खरी चकती आत असल्याचे भासवून, जोडली तरी खेळ ती नाकारतो. आभासी ड्राइव्हचे वेगळे सॉफ्टवेअर संगणकावर बसवलेले असले तर काही संरक्षणे खरी सीडी घातलेली असतानाही अडून बसतात. माझ्याकडे तसे एक सॉफ्टवेअर आठवड्याभरापूर्वीच आले होते, ते काढून टाकले.

मग प्रशासकाच्या त्या संदेशाचा अर्थ काय? पहारेकरी एकटा काम करत नाही. ड्राइव्हशी खालच्या पातळीवर बोलण्यासाठी त्याला विंडोजच्या गाभ्यात बसणारा एक ड्रायव्हर लागतो, तोच हा सेकडीआरव्ही. विंडोज एक्सपीपासून ८.१ पर्यंत मायक्रोसॉफ्ट तो विंडोजबरोबरच देत असे. २००७ मध्ये त्यात सुरक्षेची एक गंभीर त्रुटी उघड झाली. संगणकावर साध्या खात्याने बसलेला माणूस तिच्या आधारे संपूर्ण ताबा मिळवू शकत होता. ती त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुरुस्त झाली. तरी २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून हा ड्रायव्हर वगळण्यात आला, आणि विंडोज ११ मध्येही तो नाही. गाभ्यात बसणारा इतका जुना ड्रायव्हर ठेवणे धोक्याचे होते, हे मला पटते. पण पहारेकऱ्याला ड्रायव्हर सापडत नाही तेव्हा तो ‘ड्रायव्हर नाही’ असे म्हणत नाही. त्याच्या पाठांतरात या प्रसंगाला एकच वाक्य आहे, आणि ते प्रशासकाच्या अधिकारांविषयीचे आहे. लिहिणाऱ्याने ते ज्या काळात लिहिले त्या काळात ड्रायव्हर न चालण्याचे बहुतेक वेळा तेच कारण असावे.

म्हणून माझ्या लॅपटॉपवर काहीही केले तरी हा खेळ या चकतीवरून चालणार नव्हता, हे २२ ऑक्टोबरला निश्चित झाले. इंटरनेटवर मिळणारा जुना ड्रायव्हर आणून बसवावा, असे सल्ले दिसतात. मी तसे केले नाही. ज्या ड्रायव्हरला काढून टाकण्याचे कारणच सुरक्षा आहे, तो अनोळखी ठिकाणाहून आणून, वरून विंडोजची संरक्षणे बंद करून, ज्या लॅपटॉपवर माझे बँकेचे व्यवहार चालतात त्यावर बसवण्याइतका कोणताही खेळ मोलाचा नाही.

मधल्या काळात, १९ तारखेला, खेळाच्या प्रकाशक कंपनीच्या ग्राहक सेवेला मी पत्र लिहिले होते. खोक्याचे, कीचे आणि नशिबाने आत जपून ठेवलेल्या पावतीचे छायाचित्र जोडले होते. उत्तर २५ तारखेला आले. ते सौजन्यपूर्ण होते आणि त्यात तीन वाक्ये होती : हे उत्पादन आता समर्थित नाही, बदली प्रत उपलब्ध नाही, आणि डिजिटल आवृत्ती विक्रीत नाही. मोटारींच्या खेळांच्या बाबतीत हे बरेचदा घडते. खऱ्या गाड्यांची नावे आणि गाणी वापरण्याचे करार ठरावीक मुदतीचे असतात आणि ते संपले की खेळ विक्रीतून काढावा लागतो. तरीही आपला जुना खेळ एखाद्या अधिकृत डिजिटल दुकानात मिळतो का, हे अगदी पहिल्याच दिवशी पाहावे. तेथील आवृत्त्यांत चकतीची तपासणी नसते, आणि तीनशे रुपयांत काम भागत असेल तर पुढचा सारा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही. माझ्या बाबतीत तो रस्ता बंद होता.

एका सहकाऱ्याने ‘नो-सीडी क्रॅक’ म्हणून ओळखली जाणारी फाइल पेनड्राइव्हवर आणून दिली. चकतीची तपासणीच काढून टाकलेली ती मुख्य फाइल. मी पेनड्राइव्ह जोडताच अँटिव्हायरसने ती अडवली. ती खरोखर घातक होती की नुसती संशयित, हे ठरवण्याचे ज्ञान माझ्याकडे नाही, म्हणून ती तशीच राहू दिली. कायद्याचे काय, हे मात्र वकिली करणाऱ्या मैत्रिणीला विचारले. तिने सांगितले की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या व्यक्तीला, ती गहाळ किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘तुझा हेतू तसा नाही, पण ती फाइल बनवणाऱ्याचा कोणता होता हे तुला ठाऊक आहे का?’ असे ती म्हणाली. यावर मला उत्तर सुचले नाही. राखीव प्रतीची मुभा आहे आणि प्रत मात्र निघत नाही, ही अडचण २००४ मध्येही होती. तेव्हा तिच्यावर आमचा उपाय म्हणजे सीडीला वडिलांशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा होता.

आभासी यंत्रात, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, जुने विंडोज बसवण्याचा प्रयोगही दोन रात्री केला. विंडोज चालू झाले, पण त्रिमितीय चित्रांसाठी योग्य ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून खेळाने नकार दिला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

उरला एकच मार्ग : त्या काळाला शोभेल असा संगणक. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या अलीकडे जुने संगणक दुरुस्त करणारे एक काका आहेत, असे कळले. २६ ऑक्टोबरला, शनिवारी, त्यांच्याकडे गेले. ज्या परिसरात भोपळ्याचे तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होतात तेथे वीस वर्षांच्या सीडीचे कोणाला हसू आले नाही, याचे मला बरे वाटले. काकांनी कोपऱ्यातला एक धुळकट संच ओढून काढला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, आतच बसवलेला डीव्हीडी ड्राइव्ह, आणि कॅबिनेटवर विंडोज ७ च्या परवान्याची चिकटपट्टी. “शाळेतनं आलेलं मशीन आहे मॅडम. पोरांनी वापरलंय आणि तरी चालतंय, म्हणजे मजबूतच म्हणायचं,” ते म्हणाले. मॉनिटरसह २,८०० रुपये ठरले. विंडोज ३२ बिटांचे आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली. ६४ बिटांच्या विंडोजवर जुने ३२ बिटांचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि नव्वदीच्या दशकातील काही खेळांचे सेटअप तर १६ बिटांचे असतात, तेही तेथे उघडत नाहीत. येताना संचामुळे रिक्षा करावी लागली, तिचे १८० रुपये झाले.

घरी आल्यावर संगणक चालू केला तर तारीख कित्येक वर्षे मागची दिसली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती. चाळीस रुपयांची नवी आणून घातली. इन्स्टॉलेशन तासाभरात झाले. आतल्या ड्राइव्हने दुसरी सीडीही एका दमात वाचली, तेव्हा चकती वाचली जात नसेल तर तिला दोष देण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. मग चिन्हावर दोनदा क्लिक केले. वर्तुळ फिरले, आणि तीच चौकट आली. प्रशासकाच्या अधिकाराने लॉगिन करावे.

त्या रात्री मी संगणक बंद करून सरळ झोपले. एवढे पैसे घालून हे पदरी पडावे, याचा राग होता, आणि घरात कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण मॉनिटर पाहूनच आईने ‘हे आता कशाला?’ असे विचारले होते.

वसुबारसेला, २८ तारखेला, कार्यालयातून आल्यावर पुन्हा बसले. विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर असतो, मग अडचण कुठे? विंडोजमध्ये पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांची, म्हणजे सर्व्हिसेसच्या खिडकीतील, यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत तासभर वाचली, तिच्यात सेकडीआरव्ही नव्हता. तो तेथे दिसतच नाही, कारण त्या यादीत गाभ्यातले ड्रायव्हर येत नाहीत. हे मला नंतर समजले. खरे कारण असे होते की सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ साठी दिलेल्या केबी ३०८६२५५ या सुरक्षा अपडेटने हा ड्रायव्हर काढला नव्हता, फक्त बंद करून ठेवला होता. शाळेचा संगणक नियमाने अपडेट होत असणार, त्यामुळे त्यावरही ते अपडेट पोहोचले होते. ज्याला हवा असेल त्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा चालू करावा, याची रीतही मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे.

ती अशी. स्टार्ट मेनूतील कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीच्या नावावर, राइट क्लिक करून तो प्रशासक म्हणून उघडायचा. मग रोमन अक्षरांत, एकेका शब्दामध्ये जागा सोडून, ‘एससी कॉन्फिग सेकडीआरव्ही स्टार्ट= डिमांड’ असे लिहून एंटर दाबायचे. यात बरोबरीचे चिन्ह ‘स्टार्ट’ला चिकटून हवे आणि त्याच्यानंतर एक जागा सोडलेली हवी. ही जागा मी पहिल्यांदा सोडली नाही, तेव्हा पडद्यावर लांबलचक मदतीचा मजकूर आला आणि मला वाटले की पुन्हा काहीतरी मोडले. आज्ञा मान्य झाल्यावर ‘एससी स्टार्ट सेकडीआरव्ही’ ही दुसरी आज्ञा द्यायची.

पहिली सीडी आत होती. क्लिक केल्यावर ड्राइव्हने घरघर सुरू केली, थांबला, पुन्हा घरघर केली. सुमारे अर्धा मिनिट पडद्यावर काहीच नव्हते. चकतीवरच्या त्या राखून ठेवलेल्या चुका तो वाचत असणार, आणि माझ्या पेस्टच्या पट्ट्याखाली त्या शाबूत आहेत की नाहीत, याची मला धास्ती होती. मग पडदा काळा झाला आणि इंजिनाचा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, वडील आरामखुर्चीतून म्हणाले, “हा तोच काय?” त्यांना आवाजावरून ओळखू आला होता.

एकदा गोंधळ व्हायचा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी झाला. खेळाने ‘योग्य सीडी घाला’ असे सांगितले, कारण ड्राइव्हमध्ये दुसरी चकती राहिली होती. अनेक सीडींच्या खेळात तपासणी ठरावीक चकतीचीच होते. चकतीवर ‘प्ले डिस्क’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, ते पाहून घ्यावे.

या संगणकाला मी इंटरनेट जोडलेले नाही आणि जोडणारही नाही. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, त्यात हा ड्रायव्हर मुद्दाम उघडलेला. अशा यंत्राने फक्त खेळ चालवावा. खेळून झाले की ‘एससी स्टॉप सेकडीआरव्ही’ ही आज्ञा देऊन ड्रायव्हर बंद करते. खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी : ड्राइव्ह १,३५०, संगणक २,८००, बॅटरी ४०, रिक्षा १८०, असे एकूण ४,३७० रुपये झाले. ६९९ रुपयांच्या खेळावर हा खर्च शहाणपणाचा होता असे मी म्हणणार नाही. बाहेरचा ड्राइव्ह तर मी आज घेतलाच नसता. चकती घालण्याआधी तिच्यावरील संरक्षण कोणते, आणि आपल्या विंडोजमध्ये त्याला लागणारा ड्रायव्हर आहे का, एवढे दोन प्रश्न १३ तारखेलाच विचारले असते, तर मी सरळ मिरजेला गेले असते.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावाला आतल्या खोलीत नेले. तो खुर्चीत बसला, त्याने काही न विचारता जुन्याच कळांवर बोटे ठेवली आणि दुसऱ्या वळणावर गाडी कठड्यावर आदळवली. “ताई, ब्रेक लागत नाही,” तो म्हणाला. तो २००४ मध्येही लागत नव्हता, तेव्हाही तो हेच म्हणत असे. संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने खेळलो, नंतर माझा मुलगा बसला आणि दहा मिनिटांत आम्हा दोघांच्या पुढे गेला.

निघताना भावाने विचारले की पुढच्या वर्षी तू विसरलीस तर काय करायचे. म्हणून एका कागदावर त्या तीन आज्ञा लिहिल्या, बरोबरीच्या चिन्हानंतरच्या जागेखाली तांबड्या शाईने रेघ ओढली, आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सीडींबरोबर खोक्यात ठेवला. खोका पुन्हा पोटमाळ्यावर गेला आहे. कागदाच्या शेवटी एक ओळ आहे : तिसऱ्या गटातले शेवटचे अक्षर ‘बी’ आहे, आठ नव्हे.